दुधी एकदा लागला की

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीत, हिंजवडीच्या आयटी पार्कशेजारी, गच्चीवर किंवा उरल्यासुरल्या अंगणात पावसाळ्यात दुधीचा एक वेल नीट धरला, तर शेजाऱ्यांना वाटूनही फळे उरतात. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात झुकिनीचे हेच होते. दोन्ही काकडीवर्गातली, दोन्हींत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. पहिला नियम काढणीचा: नख सहज रुततेय तोवरच दुधी तोडावा. कोवळी फळे काढत राहिले की वेल नवी धरतो. एखादे जून होऊ दिले की बहर मंदावतो. दुसरा नियम पाण्याचा. थालीपिठाची भाजणी किसलेल्या दुधीला सुटलेल्या पाण्यातच भिजवावी. हलव्यासाठी कीस पिळून तुपावर परतावा आणि मगच दूध घालून आटवावे. सालही टाकू नये: तीळ, सुके खोबरे, लसूण आणि हिरवी मिरची घालून ती कुरकुरीत परतली की भाकरीबरोबर चटणी तयार. मात्र शिजवण्याआधी कच्ची फोड जिभेला लावून पाहावीच. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्यावा, कारण कडवटपणा आणणारी कुकुर्बिटासिन ही द्रव्ये शिजवूनही जात नाहीत. २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडेनहाइमला शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाल्ल्यावर एका वृद्धाचा मृत्यू झाला. कडू दुधीचा रस पिऊ नये, असे आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही बजावले आहे. चांगला दुधी मात्र किसून, पिळून फ्रीझरमध्ये ठेवावा; दिवाळीच्या हलव्याची निम्मी तयारी तिथेच होते.