फ्रेझल व्हर्बची यादी पुरे झाली

जून उजाडला की इंग्रजीच्या वह्यांत तीच यादी पुन्हा उतरते. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे. मुलं ती घोकतात, जोड्या लावून मार्कही मिळवतात आणि बोलायची वेळ आली की ‘पोस्टपोन’वर भागवतात. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. यादी मात्र तशीच राहिली. ती आपण शिक्षकांनीच थांबवायला हवी, असं आम्हांला मनापासून वाटतं.

ही अडचण काही फक्त आपल्याच मुलांची नाही. क्रियापदापुढे एखादा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही तऱ्हा परक्यांना सगळ्यांत जड जाते, असं सॅम्युएल जॉन्सननं १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं आहे.

पण मराठी मूल इथे रिकाम्या हातानं येत नाही. ‘दूध पी’ आणि ‘दूध पिऊन टाक’ यांत फरक काय, असं पाचवीच्या वर्गात विचारून बघा. ‘टाक’ म्हटलं की पेल्यात काही उरता कामा नये, हे मुलं व्याकरणाचं नाव न घेता सांगतील. ‘ड्रिंक अप’मधला ‘अप’ हेच काम करतो. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘फिनिश अप’ म्हणजे खाऊन टाक, वापरून टाक, संपवून टाक. ही चार क्रियापदं एका तासात, एकाच धाग्यानं शिकवता येतात. हा धागा सगळीकडे पोचत नाही, हेही मुलांना सांगावं. ‘वडिलांनी तंबाखू सोडली’ यासाठी ‘गेव्ह अप’ अख्खंच शिकायला हवं, त्यातला ‘अप’ वेगळा काढून हाती काही लागत नाही.

यादीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे शब्दांची जागा. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण फॅनच्या जागी ‘इट’ आलं की ‘टर्न इट ऑफ’ हाच क्रम, आणि बोलताना जोर ‘ऑफ’वर. ‘टर्न ऑफ इट’ ही चूक दहावीपर्यंत टिकते, कारण वहीत फक्त अर्थ लिहिलेला असतो. उलट ‘लुक आफ्टर’ला मधे काहीच घुसवून घेता येत नाही, ‘लुक आफ्टर हिम’ असंच म्हणावं लागतं. शिवाय एका क्रियापदाला एकच अर्थ लिहून दिला की मूल तिथेच अडकतं. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ या वाक्यात काहीच पुढे ढकललेलं नाही. वासानं इच्छाच उडाली आहे.

‘पास आउट’कडे तर खास लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे सर्रास ‘कॉलेजमधून पास आउट झालो’ म्हणतात, आणि भारतीय इंग्रजीत ते रुळलेलंही आहे. खडकवासल्याच्या एनडीएतल्या ‘पासिंग आउट परेड’मध्ये तो प्रयोग ब्रिटिश इंग्रजीतही बिनचूक ठरतो. पण परदेशातल्या मुलाखतीत उमेदवारानं ‘आय पास्ड आउट’ म्हटलं, तर समोरच्याला तो बेशुद्ध पडला होता असं वाटेल. मुलांना दोन्ही अर्थ सांगावेत, आणि कुठे कुठला चालतो तेही.

इडियमच्या बाबतीत निवड कडक हवी. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गाईडमध्ये असतं, पण इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात ते आज क्वचितच येतं. त्यापेक्षा ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे गुपित फोडणं, शिकवलेलं बरं. ते बातम्यांत आणि मालिकांत भेटत राहतं.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. पहिल्या घटक चाचणीत ‘मीनिंग लिहा’ऐवजी एक छोटा संवाद द्या आणि त्यात ‘टर्न इट ऑफ’साठी जागा रिकामी ठेवा. उत्तरपत्रिकांत काय आलं, ते आम्हांला कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.