रंगाची अट आणि खिडकीचा विसर

आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांचे २०२३ मध्ये ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नामांतर झाले. फलक व रंग यांबाबत केंद्र सरकार इतके आग्रही राहिले, की पंजाब व पश्चिम बंगालचा निधी त्यावरून अडला. भिंतींच्या आत उजेड व वारा किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा नव्हे काय?

याविषयीचा पुरावा उपलब्ध आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी पडताळल्या. १९८४ मधील त्यांच्या निबंधानुसार, खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पेरूची राजधानी लिमा येथील पाहणीत दारे-खिडक्या उघडताच खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलली; यांत्रिक वायुवीजनाने १२ वेळा.

कोडोलीसारख्या ऊसपट्ट्यातील गावी हा सजावटीचा प्रश्न नाही. शेतमजुराच्या आजारपणाचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. क्षयाचा रुग्ण आणि गरोदर स्त्री एकाच कोंदट खोलीत ताटकळत बसली, तर आरोग्यकेंद्रच रोगप्रसाराचे ठिकाण ठरेल. समोरासमोरच्या खिडक्या आराखड्यातच योजल्या, तर जादा खर्च अल्प येतो. अनुदानास अट घालावयाचीच असेल, तर ती रंगाची नव्हे, खिडकीची असावी.