स्कॅन नॉर्मल आला म्हणून माणूस नाटकी ठरत नाही

शाहूवाडी तालुक्यात काम करताना एक तरुण भेटला. वर्षापूर्वी आंबा घाटात मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागला. सीटी स्कॅन नॉर्मल आला, दोन दिवसांत घरी सोडलं. आता तो बोलता बोलता शब्द विसरतो, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जातो, कामावर टिकत नाही. वस्तीत निदानं दोनच: 'नाटक करतोय' नाहीतर 'बाहेरचं आहे'. शेवटी आईनं देवऋषी गाठला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेल्या घरातली ही गोष्ट. पण मी त्या माऊलीला दोष देणार नाही. दवाखान्यात तिला कुणी कारण सांगितलं नाही. देवऋषीनं सांगितलं, खोटं का होईना.

मग खरं कारण काय?

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. पेशीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. मेंदूतल्या पेशींत जनुकं जवळपास तीच असतात. पण कोणत्या पेशीत कोणतं जनुक किती काम करतं, हे परिस्थितीनुसार बदलतं. चालू जनुक आरएनएच्या रूपात जणू कामाची चिठ्ठी काढतं. पूर्वी मेंदूचा अख्खा तुकडा घेऊन या चिठ्ठ्यांची सरासरी काढत. आता एकेक पेशी सुटी करून तिच्या चिठ्ठ्या वेगळ्या वाचता येतात. सरासरीची लबाडी आपल्याला नवी नाही. गावाचं दरडोई पाणी कागदावर भरपूर असतं. बुद्धवाड्याचा कोरडा नळ त्यात दिसत नाही.

२०१८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवरचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला सौम्य मार बसल्यावर एका दिवसात, स्मरणाशी संबंधित भागातल्या वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या तऱ्हेनं बदललेल्या आढळल्या. थायरॉईडचं संप्रेरक वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक अनेक प्रकारच्या पेशींत जास्त काम करत होतं. ते संप्रेरक दिल्यावर उंदरांची शिकण्याची क्षमता सुधारली. हे उंदरांतलं आहे, म्हणून उद्या कुणी थायरॉईडच्या गोळ्या आणू नका. पण 'सौम्य' म्हटलेला मारही पेशींचं काम बदलतो, एवढं नक्की.

आता कायदा बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल आहे, पार्किन्सन आहे. डोक्याच्या दुखापतीचं स्वतंत्र नाव नाही. दाखला हवा तर आपला त्रास दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात बसवून दाखवायचा. बांधकामाच्या परातीवरून पडणारा, उसाच्या ट्रॉलीवरून पडणारा माणूस हे कसं सिद्ध करणार?

साथींनो, बुद्धांनी दुःखाचं कारण शोधायला सांगितलं, कपाळावर अंगारा लावायला नाही. विहारात वंदना झाली की हा विषय काढा. अशा रुग्णाला पुन्हा मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या, केसपेपर जपून ठेवा. आणि या दुखापतीला कायद्यात नाव मिळावं, ही मागणी आता आपल्या निवेदनांत आली पाहिजे. ज्याची जखम दिसत नाही त्याच्या बाजूनं आपणच उभे राहिलो नाही, तर कोण राहणार?

जय भीम!