पुरावा सांभाळणारे हात

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुरबाड-शहापूरकडच्या आपल्या घरांतून आम्हा शिक्षकांना एकच प्रश्न येतो, "आता पुढे काय?" अलीकडे मुलं स्वतःच उत्तर घेऊन येतात, "फॉरेन्सिक करायचंय." टीव्हीवरच्या मालिकांचा हा परिणाम. अब्बांना हा शब्दच नवा असतो. अम्मीला वाटतं, पोलिसांचं काम, मुलीसाठी नको. तेवढ्यात कुणीतरी सुचवतो, शहरात तीन महिन्यांचा कोर्स आहे, पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या. म्हणून पैसे भरण्याआधी हे काम नेमकं काय आहे ते समजून घेऊ.

कोर्टकचेरीत आपण "सी.ए. रिपोर्ट" हा शब्द ऐकतो. समजा, एखादा माणूस शेतावर मरून पडलेला सापडला. साप चावला, की औषध पोटात गेलं, की कुणी दिलं? शवविच्छेदन होतं, व्हिसेरा मिठाच्या दाट पाण्यात राखून, बाटलीवर लाखेची मोहर मारून प्रयोगशाळेत जातो. रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांवरचा संशय मिटत नाही. कधी एखादा बेकसूर माणूस तोपर्यंत कोठडीत असतो. हा रिपोर्ट देणारी राज्याची मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला आहे. नागपूर, पुणे, नाशिक अशा ठिकाणी तिच्या विभागीय प्रयोगशाळा आहेत.

तिथलं सुरुवातीचं काम मालिकेसारखं नसतं. मुद्देमाल आला की मोहर शाबूत आहे का, ती सोबतच्या नमुन्याशी जुळते का, हे पाहायचं. पत्रातल्या वस्तू आणि पुडक्यातल्या वस्तू मोजायच्या. नंबर टाकायचा, चिठ्ठी लावायची, वजन घ्यायचं, नोंद करून सही करायची. रक्ताचा ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर त्याला बुरशी येते आणि पुरावा नासतो. तो सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो. पुढे कितीही मोठं यंत्र असो, या पहिल्या पायरीवर चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर सारं फुकट. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली याची साखळी तुटली, की वकील कोर्टात नेमकं तिथेच बोट ठेवतो. आपल्या घरांत यासाठी एक जुना शब्द आहे, अमानत.

या कामाची गरज आता वाढते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे, सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. त्याची तयारी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्याच्या प्रयोगशाळा संचालनालयाने गट-क च्या १२५ पदांची जाहिरात काढली होती. त्यात विज्ञान पदवीधरांसाठी वैज्ञानिक सहायक होते, तसे विज्ञान घेऊन बारावी आणि दहावी झालेल्यांसाठी प्रयोगशाळा सहायकही होते. तेव्हा गावातल्या साध्या घरातल्या मुलाला या दारातून आत जाता येतं. पण ते दार विज्ञानाचं आहे, तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटचं नाही. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा : हे सर्टिफिकेट कोणत्या सरकारी जाहिरातीत पात्रता म्हणून मागितलं आहे? उत्तर गोलमोल आलं, तर पैसे खिशातच ठेवा.

शिकायचं कुठे? २००९ मध्ये राज्य शासनाने मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथे न्यायसहायक विज्ञान संस्था सुरू केल्या. बारावी विज्ञाननंतर तिथे तीन वर्षांची पदवी करता येते. २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ झालं. त्याचं एक केंद्र गोव्यात आहे. तिथे जाणं जमत नसेल, तर जवळच्या कॉलेजातून रसायनशास्त्राची बी.एस्सी. हाही पक्का रस्ता आहे, आणि तो इतर नोकऱ्यांनाही उपयोगी पडतो.

आणि तयारी आजपासून, शाळेच्या प्रयोगवहीपासून सुरू होते. जे दिसलं तेच लिहायचं, पुस्तकातलं उत्तर उतरवायचं नाही. चुकलं तर खोडरबर नको, एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावी विज्ञानात इंग्रजी जड जातं. त्यांनी दहावीच्या सुट्टीतच विज्ञानातले शब्द उर्दू, मराठी आणि इंग्रजी असे तीन रकान्यांत लिहून काढावेत.

गणिताची भीती वाटणाऱ्यांना आम्ही काझी अजीजुल हक यांची गोष्ट सांगतो. खुलना जिल्ह्यातल्या गावातला हा मुलगा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकला. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली तो लागला तेव्हा बोटांचे ठसे होते, पण हजारो ठशांतून एक शोधायचा कसा, हे नीट कुणाला जमत नव्हतं. हक यांनी गणित मांडून ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ खण पाडले. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचं लागलं. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचंही योगदान असंच मागे राहिलं.

अम्मींना एक सांगावंसं वाटतं. या प्रयोगशाळांत मुली काम करतात, आणि बहुतेक काम टेबलापाशी बसून, मान खाली घालून, नीटनेटकेपणाने करायचं असतं. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी, हिशेबाची वही न विसरता लिहिणारी तुमची मुलगी त्याला नालायक नाही. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबवण्याआधी तिची प्रयोगवही एकदा उघडून पाहा. कुणाच्या तरी घरचा न्याय उद्या अशाच एका वहीतल्या खऱ्या नोंदीवर ठरणार आहे.