चाली अभिषेकींच्या, गळा कामतांचा

गायक-नट रामदास कामतांनी गायलेली अभिषेकीबुवांची नाट्यपदं मी गोळा करतो. तबकडी, कॅसेट, सीडी, कुणी मैफलीत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण, काहीही चालतं. एकच पद चार वेळा गायलेलं असेल, तर मला चारही हवीत. ‘एकदा ऐकलंस ना?’ असं घरचे विचारतात. एकदा ऐकून ते पुरतं हाती लागत नाही, म्हणून तर हा खटाटोप.

‘मत्स्यगंधा’ 1964 मध्ये आलं. नाटक वसंत कानेटकरांचं, निर्मिती दि गोवा हिंदु असोसिएशनची, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. दोन वर्षांनी शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’. पहिल्यात पराशर आणि दुसऱ्यात कच, दोन्ही भूमिकांत कामत. चालकर्ता मंगेशीचा, गायक साखळीचा. गोव्याच्या मातीतलीच दोन माणसं. जुन्या नाटकात एकेक पद वन्स मोअर घेत रात्रभर रेंगाळायचं. अभिषेकींनी ते आटोपशीर केलं आणि पात्राच्या मनाशी बांधलं. पराशराचं हृदय गुंतल्याचं ते पद ऐका. तान येते ती गवयाची हौस म्हणून येत नाही. त्या ऋषीला स्वतःला आवरता येत नाही, म्हणून येते. कामतांना हे नेमकं उमगलं होतं. आवाज पहाडी, पण शब्द कुठे दडपला जात नाही.

तबकडीवरचं पद नेटकं असतं. वेळेचं बंधन, स्टुडिओतली शांतता, प्रत्येक जागा घासूनपुसून आलेली. चालीचा नकाशा बघायचा तर तेच ऐकावं. मैफलीत मात्र कामत अंतऱ्यावर थांबतात, एखाद्या शब्दाभोवती दोनदा फिरतात आणि समेवर येताना श्रोत्यांतून जी दाद उठते, तिनं पुढची ओळ उजळते. उतारवयातल्या ध्वनिमुद्रणांत वरचा सूर पूर्वीइतका सहज लागत नाही. तरी मला तीच अधिक जवळची आहेत. तरुणपणी जिथं ते तान घेत, तिथं आता नुसता एक सूर लांबवतात, आणि कचाचा निरोप त्या सुरात जास्त खरा वाटतो. याच चाली खुद्द अभिषेकींच्या आवाजातही मिळतात. बुवा गाताना चालीतून राग डोकावतो. कामत गाताना माणूस दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून ऐकावं.

एकाच रचनेची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकण्याची रीत पाश्चात्त्य संगीतात रुळलेली आहे. हर्बर्ट फॉन कारायान यांनी बर्लिनच्या वाद्यवृंदाबरोबर बीथोव्हेनच्या नऊही सिंफनी तीन वेळा ध्वनिमुद्रित केल्या, साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत. तिकडचे रसिक तिन्ही संच जपतात, कुठला सरस यावर हिरिरीनं भांडतात. आपल्या नाट्यपदांसाठी कुणी असं भांडताना मला फारसं दिसलं नाही. भांडायला हवं.

रत्नागिरीत तर हवंच. राज्य संगीत नाट्य स्पर्धा आपल्या सावरकर नाट्यगृहात रंगते, खल्वायनसारखी संस्था इथं नवी संगीत नाटकं उभी करते. ज्यांच्या ऑर्गनवर संगीत नाटकांचे असंख्य प्रयोग उभे राहिले, ते गोविंदराव पटवर्धन आपल्याच गुहागरकडचे. इथल्या जुन्या घरांत माळ्यावर, कपाटांत खाजगी मैफलींच्या टेप पडून असणार याची मला खात्री आहे.

या टेपांचा वैरी आपली दमट हवा. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते आणि ती तशीच वाजवली तर फीतही जाते, यंत्राचं हेडही खराब होतं. तबकड्या आडव्या रचल्या की वाकतात. त्या उभ्या ठेवाव्यात, कव्हरं कोरडी ठेवावीत. बुरशी आलेली फीत घरी वाजवून बघू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या आणि मग संगणकावर उतरवा. वर तारीख, ठिकाण, पेटी-तबल्यावर कोण होतं, हे आठवत असेल तर आजच लिहा. आठवणारी माणसंही कमी होत चालली आहेत. कामत 8 जानेवारी 2022 रोजी गेले. तुमच्याकडे त्यांचं असं काही असेल, तर ते यंदाच्या पावसाळ्याआधी माळ्यावरून खाली काढा.