मोटारीचा गारवा : संयोग आणि विभाग

गेल्या वैशाखांत, पांढरकवड्याच्या ऐन उन्हांत, आमच्या मोटारीचा गारवा बंद पडला. चिरंजीवांस दुसऱ्या दिवशीं सहकुटुंब नागपुरास जावयाचें होतें. सोबत तीन महिन्यांची नात. एका गॅरेजवाल्यानें "संपूर्ण कॉम्प्रेसर बदला, वायुहि नवा भरा," असा निर्णय दिला. हमरस्त्यावरील दुसऱ्या कारागिरानें मात्र आधीं कान लावला आणि मग पाना हातीं घेतला. त्याच्या शेजारीं बसून जें पाहिलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून लिहितों.

तर्कशास्त्रांत संयोग व विभाग हे दोन्ही गुणच मानले आहेत. कॉम्प्रेसरच्या क्लचांत ते प्रत्यक्ष दिसतात. इंजिनाच्या पट्ट्यानें पुली अखंड फिरत असते. बटण दाबलें कीं कॉईलमध्यें वीज जाते, चुंबकत्व उत्पन्न होतें व पुढील चकती 'टक्' करून पुलीस चिकटते. तेव्हां कॉम्प्रेसरचा दांडा फिरूं लागतो. वीज थांबतांच स्प्रिंगा चकतीस पुलीपासून दूर करतात. १९३९ मध्यें अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें मोटारींत शीतयंत्र बसविलें, त्यास क्लच नव्हता. गारवा नको झाला म्हणजे इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे!

मुख्य गोष्ट ही कीं, क्लच हा कॉम्प्रेसरच्या बाहेरील अंगास असतो. तो काढण्यास वायु सोडावा लागत नाहीं. पुष्कळ मोटारींत असणारा आर-१३४ए हा वायु पृथ्वीची उष्णता कोंडण्यांत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक समर्थ आहे. तो विनाकारण हवेंत सोडणें हा अपराधच.

आधीं फ्यूज व रिले पाहावे, कॉईलपर्यंत १२ व्होल्ट पोहोंचतात कीं नाहीं तें तपासावें. वायु कमी झाल्यासहि क्लच लागत नाहीं. तो दोष क्लचचा नव्हे. नंतर इंजिन थंड करून बॅटरीची ऋण तार सोडवावी व पट्टा उतरवावा. चकती हत्यारानें धरून मधला बोल्ट काढावा आणि चकती पुलरनें ओढावी. तिच्यामागील पातळ वायसर जपून ठेवावे. मग सर्कलिप काढून पुली, व दुसरी सर्कलिप काढून कॉईल निघते. हातोडा कदापि मारूं नये; दांड्याचें सील बिघडलें तर वायु खरोखरच जातो. परत बसवितांना चकती व पुली यांमधील अंतर फिलर गेजनें तीन ठिकाणीं मोजावें. तें बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतें; नेमका आंकडा त्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तकांत मिळतो. तें अंतर त्या वायसरांनींच साधतें.

आमची केवळ कॉईल जळाली होती. तेवढीच बदलली, जुना कॉम्प्रेसर पूर्ववत् चालूं लागला आणि नात दुसऱ्या दिवशीं सुखानें नागपुरास पोहोंचली. कित्येक नव्या मोटारींत असा क्लच नसतोहि. तरी खर्चास मान्यता देण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें अवश्य विचारावें : "बिघाड कॉम्प्रेसरचा, कीं त्याच्या क्लचचा?"