गॅसचे पुस्तक कुणाच्या नावावर?

घर मोडायचे ठरले की आपण भांडी मोजतो, गोधड्या बांधतो, भिंतीवरच्या तसबिरी लुगड्यात गुंडाळतो. शेवटी ओट्याखालचा सिलिंडर उरतो. तो एस.टी.त चढवता येत नाही, रेल्वेतही नेता येत नाही. मग शेजारी म्हणतो, "राहू द्या आमच्याकडे." पुष्कळ घरांत गोष्ट तिथेच संपते.

धुळ्याला आमच्या मावशीकडे हेच व्हायला आले होते. काका जाऊन तीन वर्षे झालेली. मुलगा सुरतेला उधन्यात लूमवर. खानदेशातली किती घरे त्या वाटेने गेली, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. भाड्याची खोली सोडायची, मावशीने मुलाकडे जायचे, असे ठरले. आवराआवरीला आम्ही जळगावहून गेलो. गल्लीच्या तोंडाशी भज्यांची गाडी लावणारा एक जण आला आणि म्हणाला, "सिलिंडर-शेगडी ठेवून जा, अडीच हजार रोख देतो."

मावशीने पत्र्याची पेटी उघडून गॅसचा जुना कागद काढला. कागद १९९६ चा. त्यावर अनामत होती हजाराच्या आसपास. एजन्सीत जाऊन कनेक्शन बंद केले तर एवढीच रक्कम परत मिळणार. कागदावर छापलेली तेवढीच, व्याज नाही. इतकी वर्षे आपला पैसा तिकडे पडून राहतो आणि एक पैसाही वाढत नाही, हे आम्हाला अजूनही पटलेले नाही. मावशी म्हणाली, "मग अडीच हजार काय वाईट?"

वाईट हे, की सिलिंडर आणि रेग्युलेटर आपले नसतातच. ते कंपनीचे, आपण अनामत भरून फक्त वापरतो. आपली असते ती शेगडी. घरगुती सिलिंडर धंद्याच्या गाडीवर वापरणे २००० सालच्या सरकारी आदेशाने मना आहे. उद्या त्या गाडीवर काही पेटले, तर विचारणा कुणाच्या नावाने होणार? कागदावर ज्याचे नाव त्याच्या. आणि कागदावर नाव होते काकांचे.

एजन्सीतही तेच आडवे आले. खिडकीतला मुलगा मान वर न करता म्हणाला, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या." मावशी म्हणाली, "त्यासले आते कोठून आनू भाऊ?" तेव्हा कुठे त्याने मान वर केली. अठ्ठावीस वर्षे त्या शेगडीवर भाकरी तिने थापल्या. त्याआधी पऱ्हाट्या आणि गोवऱ्या फुंकून डोळे तिने लाल केले. गॅसच्या लेखी मात्र ती कुणीच नव्हती.

मग आधी नाव बदलणे आले. काकांचा मृत्यूचा दाखला, मावशीचे आधार कार्ड, जुना कागद, आणि मुलगा व मुलगी यांची 'आमची हरकत नाही' अशी लेखी संमती. मुलाची सही सुरतेहून यायची होती. तीन खेपा झाल्या, आमच्या दोन दिवसांच्या रोजावर पाणी पडले. ज्या घरात कर्ता माणूस गेला आहे त्या भगिनींनी हे काम घर मोडायच्या दिवसापर्यंत ठेवू नये. दाखला हाती आला की त्याच महिन्यात नाव बदलून घ्यावे.

पुढचे सोपे होते. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केले, अनामत परत घेतली आणि कनेक्शन बंद केल्याचा कागद घेतला. इंग्रजीत त्याला टर्मिनेशन व्हाउचर म्हणतात. नुसते पैसे घेऊन घरी येऊ नका. दुसऱ्या गावी नवी एजन्सी हाच कागद मागते. रेग्युलेटर हरवला असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतात. सिलिंडर शक्यतो गॅस संपत आल्यावरच जमा करावा. रेग्युलेटर काढण्याआधी बटण बंद करावे, जवळ दिवा-उदबत्ती नसावी, आणि काढल्यावर दोरीचे पांढरे टोपण घट्ट बसवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वास आला तर दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा. शेगडी सोबत न्यावी, पण जुनी नळी नेऊ नये. पाच वर्षांनी ती बदलायचीच असते.

उज्ज्वला योजनेच्या भगिनींचे थोडे निराळे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या त्या योजनेत कनेक्शन बाईच्याच नावावर मिळते, त्यामुळे मावशीसारखी पाळी येत नाही. मात्र अनामत सरकारने भरलेली असते, म्हणून बंद करताना ती आपल्या हाती येईल अशी आशा धरू नये. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात परगावी मजुरीला गेलेल्या कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचे लेखी निवेदन चालेल असे ठरले. ऊसतोडीला किंवा सुरत-पुण्याला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिथल्या खोल्यांत मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात चोरून गॅस भरून घेतात, त्याहून पाच किलोचा कंपनीचा सिलिंडर बरा.

पैशाचा हिशेब सांगायचा तर मावशी तोट्यातच गेली. जून २०२२ मध्ये अनामत वाढली. सिलिंडरचे १४५० चे २२०० झाले, रेग्युलेटरचे १५० चे २५० झाले. इथे मिळाले हजाराच्या आत आणि सुरतेला भरावे लागले त्याच्या दुपटीहून जास्त. मुलगा थोडा कुरकुरला. भज्यांच्या गाडीवाल्याचे अडीच हजार त्याच्याही डोक्यात होते.

पण उधन्याला नवे पुस्तक हातात आले तेव्हा मावशीने ते सुनेकडून वाचून घेतले. किती भरले, सिलिंडर कधी येणार, यातले काहीच तिने विचारले नाही. "नाव नीट लिवलंय ना?" एवढेच तिने दोनदा विचारले, आणि पुस्तक पेटीत खाली, काकांच्या दाखल्याशेजारी ठेवले.